एकाच नंबरच्या दोन पेट्या

माझी मावशी एकोणीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायची. चारशे बावीस एक्स्टेन्शन तिला तोंडपाठ. कुणी डॉक्टर "बाई, एक्स-रे द्या" म्हणाले, की त्यांचं वाक्य संपायच्या आत तिकडे घंटी वाजलेली असायची. घाईत कुणी भलताच नंबर मागितला, तर ती दुरुस्तही करायची. "तीनशे चार म्हणजे धुलाईखाना, डॉक्टर. तुम्हाला तीनशे चौदा हवाय."

पुढे नवी यंत्रणा आली. लोक आपापले नंबर आपणच फिरवायला लागले आणि जिन्याखालची खोली झाडू-बादल्यांना मिळाली. मावशी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. ऑफिसने तिच्यापुढे दोन जागा ठेवल्या. एक रेकॉर्ड विभागात, जिथे खिडकी होती, खुर्ची होती आणि दुपारी डुलकीही काढता येत असे. दुसरी देखभाल विभागात, जिथे शिडी होती. माझी आई तिची थोरली बहीण. तिने स्पष्टच सांगितलं, "या वयात शिडीवरून पडलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. मला जिना चढवत नाही आणि तुला उतरवणार नाही."

मावशीने देखभाल विभाग घेतला. का, असं विचारलं तर म्हणायची, "रेकॉर्डमध्ये नुसते कागद. कागदाशी बोलायचं काय?"

देखभाल विभागाचे फोरमन बॉयलरच्या खोलीत कामगार म्हणून लागले होते आणि चढत चढत वर आले होते. स्वभावही तिथलाच. त्यामुळे पाठीमागे सगळं हॉस्पिटल त्यांना 'बॉयलर' म्हणायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मावशीला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, इथे फोनबिन नाहीत."

"तारा आहेत ना?" मावशी म्हणाली.

तारा होत्या. त्याच वर्षी हॉस्पिटलची हवा, थंडावा, पाणी, दिवे सगळं एका कॉम्प्युटरवरून बघता यावं म्हणून छताच्या आत, जिथे माणसाची नजर जात नाही तिथे, छोट्या छोट्या पेट्या बसवल्या होत्या. कागदोपत्री त्यांचं नाव कंट्रोलर, पण विभागात सगळे त्यांना पेटीच म्हणत. प्रत्येक पेटी आपापली खोली सांभाळायची. खोली गार झाली का, पंखा चालू आहे का, पाण्याची झडप किती उघडी आहे, हे ती बघायची आणि दोन बारीक तारांवरून कॉम्प्युटरला कळवायची. एका मजल्यावरच्या सगळ्या पेट्या त्याच दोन तारांवर, एका माळेचे मणी. मधला एक मणी सैल झाला की पुढचे सगळे मुके.

बॉयलरनी मावशीला सगळ्यांत कंटाळवाणं काम दिलं. कोणती पेटी कुठे आहे, तिचा नंबर काय, ती काय सांभाळते, हे शिडीवर चढून, छताची फळी सरकवून, बघून लिहायचं. कंपनीने बसवलेल्या दोनशे चार पेट्यांचा नकाशा ऑफिसात होता. पण नकाशा आणि छत यांचं फारसं पटत नव्हतं. नकाशात जिथे पेटी, तिथे छतात उंदराचं घरटं.

पेटीचा नंबर बघणं हे आणखी एक प्रकरण. प्रत्येक पेटीवर तांदळाएवढ्या बारीक खटक्यांची रांग असायची. पहिला खटका वर म्हणजे एक, दुसरा म्हणजे दोन, तिसरा चार, चौथा आठ, असं दुपटीने चौसष्टपर्यंत. वर असलेल्यांची बेरीज केली की पेटीचा त्या माळेतला नंबर. याखेरीज पेटीला एक पूर्ण नंबर असे, तो तिच्या पोटात भरलेला, अख्ख्या इमारतीत एकमेव. मावशीला हे लगेच कळलं. खटक्यांचा नंबर म्हणजे आतलं एक्स्टेन्शन आणि पोटातला म्हणजे पूर्ण टेलिफोन नंबर. कळलं, पण बेरजेचा हात काही बसेना. शिडीवर मान वर करून उभं राहायचं, डोळ्यांत धूळ, आणि खाली बॉयलर घड्याळ बघतायत.

म्हणून ती घरी सराव करायला लागली. जेवणाच्या टेबलावर सात चमचे ओळीने मांडायचे. पालथा चमचा म्हणजे बंद, उताणा म्हणजे चालू. तिच्या सासूबाई समोर बसून भाजी निवडत असत.

"काय गं हे? चमचे मोजतेस की संसार?"

मावशीने समजावून सांगितलं. सासूबाईंनी भाजी बाजूला सारली. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण पत्त्यांत त्यांना आजवर कुणी हरवलं नव्हतं. आठवड्याभरात त्या नंबर पुकारायला लागल्या. "सत्याऐंशी." मावशी चमचे उलटेसुलटे करेपर्यंत त्यांनीच बोट ठेवलेलं असायचं: "हा, हा, हा, मग हा पाचवा आणि शेवटचा. झाले सत्याऐंशी. तुझ्या साहेबांना म्हणावं, मला घ्या." मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, शाळेची बस चालवायचे. ते पहाटे उठून दोघांचे डबे करत. ते एवढंच विचारत, "जेवायला चमचे मिळणार आहेत का?"

चार महिन्यांनी मावशीकडे एक जाडजूड रजिस्टर तयार झालं. त्यात पेटीचा नंबर, खोली, ती काय सांभाळते, कुठली फळी उघडायची हे तर होतंच. वर तिचे शेरे. 'फळी जड आहे, दोन हातांनी.' 'येथील नर्स चिडतात, दुपारी जावे.' 'दोन्ही तारा उलट लागलेल्या होत्या, सरळ केल्या, ता. अमुक.' नकाशातल्या चौतीस चुका तिने दाखवून दिल्या. बॉयलर म्हणाले, "बरं." त्यांच्या तोंडचं हे मोठंच कौतुक होतं, असं विभागातल्या जुन्या माणसांनी तिला नंतर सांगितलं.

पुढल्या नऊ वर्षांत हॉस्पिटल वाढत गेलं. इथे एक खोली पाडली, तिथे एक बांधली. त्यात आठ पेट्या नव्याने आल्या. त्या मावशीने स्वतः बसवल्या आणि ओळीने पुढचे नंबर दिले, दोनशे पाचपासून दोनशे बारापर्यंत. दोनशे पाच ऑपरेशन थिएटरच्या हवेला, दोनशे सहा रक्तपेढीला, दोनशे सात औषध भांडाराच्या शीतखोलीला, असे. रजिस्टरमध्ये नोंद झाली. कॉम्प्युटरवरही आल्या. ऑफिसातल्या मूळ नकाशावर चढवायच्या राहिल्या, कारण नकाशा काचेच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बॉयलरकडे.

मग शेजारच्या मोकळ्या जागेत नवी इमारत उभी राहिली. पाच मजले, चकचकीत. तिच्यात एकशे शहाऐंशी पेट्या. काम दुसऱ्याच एका कंपनीचं. त्यांचा इंजिनिअर तिशीतला, चष्मेवाला, मितभाषी. दोन्ही इमारती पुलाने जोडल्या होत्या आणि त्या पुलावरून एक केबल टाकून दोन्हीकडच्या पेट्या एकाच कॉम्प्युटरवर आणायच्या, असं ठरलं होतं. संचालकांना या गोष्टीचं फार अप्रूप. प्रवेशद्वाराजवळ भिंतीएवढा पडदा लावलेला. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना अख्खं हॉस्पिटल एका पडद्यावर दाखवायचं होतं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, सकाळी इंजिनिअरने केबल जोडली आणि जुना कॉम्प्युटर बंद केला. नियंत्रण खोलीत सगळे जमले होते. मावशी दाराशी उभी. इंजिनिअरने एक बटण दाबलं. ते बटण म्हणजे तारेवरून मारलेली हाक: कोण कोण आहे? मग प्रत्येक पेटी आपला नंबर सांगून 'मी आहे' म्हणते आणि यादी भरत जाते. यादी भरली. खाली आकडा आला, तीनशे नव्वद.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मनातल्या मनात बेरीज करत होती.

"साहेब," ती इंजिनिअरला म्हणाली, "आमच्या दोनशे बारा आणि तुमच्या एकशे शहाऐंशी. तीनशे अठ्ठ्याण्णव व्हायला हव्यात."

"जुन्या दोनशे चार आहेत ना, मॅडम? मला तोच नकाशा मिळालाय. दोनशे चार आणि एकशे शहाऐंशी, तीनशे नव्वद. बरोबर आहे."

"दोनशे बारा आहेत."

इंजिनिअर काही विचारणार, तेवढ्यात बॉयलर मध्ये पडले. त्यांना संचालकांबरोबर पडदा बघायला जायचं होतं. "बाई, यादी बरोबर आहे म्हणतायत ना ते? तुम्ही तुमची शिडी सांभाळा."

मावशी बाजूला झाली. तिनेच मला सांगितलं, की तिला तेव्हा रागही आला नाही. चूक आपलीच असेल, दोनशे चार अधिक आठ यात आपलंच काही चुकत असेल, असं तिला खरोखर वाटलं. तिने बाहेर जाऊन कागदावर बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत ती नियंत्रण खोलीत गेली. तिथला माणूस जेवायला गेला होता. तिने सहज म्हणून औषध भांडाराची शीतखोली उघडली. म्हणजे पडद्यावर. चार पॉइंट दोन अंश. अगदी जिथे हवं तिथे. मग तिने नव्या इमारतीचं पान काढलं. तिकडच्या उपाहारगृहालाही एक शीतखोली होती. चार पॉइंट दोन. असेल. तिने दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली आणि खुर्ची ओढून बसली. दोन्हीकडे चार पॉइंट तीन झाले. एकाच क्षणी. थोड्या वेळाने दोन्हीकडे चार पॉइंट एक. तेही एकाच क्षणी.

"दोन जुळी पोरं असली तरी एका दमात शिंकत नाहीत," मावशी मला म्हणाली होती.

तिने दोन्ही पानांच्या कोपऱ्यातला नंबर बघितला. इथेही दोनशे सात, तिथेही दोनशे सात. मग सगळं उलगडलं. नव्या कंपनीने जुना नकाशा बघितला, दोनशे चारला शेवट दिसला आणि आपले नंबर दोनशे पाचपासून सुरू केले. मावशीच्या आठ पेट्या आणि त्यांच्या पहिल्या आठ पेट्या एकाच नंबरच्या झाल्या. कॉम्प्युटरने हाक मारली की दोघी ओ द्यायच्या आणि जिची ओ शेवटी पोचली तीच त्याने धरून ठेवली. दुसरी होती तिथेच होती, बोलतही होती. तिचं ऐकणारं कुणी नव्हतं.

ती तडक औषध भांडारात गेली. तिथल्या भांडारप्रमुख बाई तिच्याच वयाच्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलायला तिखट. मावशीचं आणि त्यांचं तोवर नुसतं येता-जाता हसण्यापुरतं होतं.

"शीतखोलीत थर्मामीटर आहे का हो तुमचा?" मावशीने विचारलं.

"आहे, पण बिघडलाय. कालपासून वर वर चाललाय. मी काल संध्याकाळी तुमच्या विभागाला फोन केला, तर तुमच्या फोरमननी पडद्यावर बघून सांगितलं, चार अंश आहे, थर्मामीटर बदला. नवा मागवलाय."

मावशीने शीतखोलीचं दार उघडलं. आत गारवा होता; पण अंगावर येणारा नव्हता, पावसाळी दिवसाचा असावा तसा. काचेच्या थर्मामीटरवर साडेनऊ. मागे पंख्याच्या जाळीवर हाताएवढ्या जाडीचा बर्फ साचला होता. हवा फिरायला वाटच नव्हती. एरवी एवढ्यात धोक्याची घंटी खणखणली असती. पण घंटी वाजवायची ती कॉम्प्युटरने, आणि कॉम्प्युटर बघत होता उपाहारगृहाचं दूध-लोणी.

"थर्मामीटर चांगला आहे," मावशी म्हणाली. "औषधं हलवा. वॉर्डावॉर्डात जेवढे फ्रिज आहेत त्यांत. आत्ता."

भांडारप्रमुखांनी एक क्षण तिच्याकडे बघितलं. मग काही न विचारता मदतनीस बायकांना हाका मारायला लागल्या.

मावशीने तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. तो नियंत्रण खोलीत परत आला होता. त्याला पटायला हवं होतं आणि सांगून पटण्यातली ही गोष्ट नव्हती. तापमान मोजणारी पेन्सिलीएवढी धातूची कांडी भिंतीवर होती. मावशीने ती मुठीत घट्ट धरली.

"साहेब, औषध भांडाराची शीतखोली उघडा पडद्यावर. किती दिसतंय?"

"चार पॉइंट दोन."

"थांबा जरा." तिने शंभर आकडे मोजले. "आता?"

"चार पॉइंट दोन."

"माझ्या मुठीत आहे ती कांडी. दोन मिनिटं झाली."

 मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही नक्की भांडाराच्याच खोलीत आहात ना?"

"साहेब, मी नक्की कुठे आहे ते मला माहीत आहे. ती कांडी कुठे आहे असं तुमच्या कॉम्प्युटरला वाटतंय, तो प्रश्न आहे. मी आता पुलावरून तिकडे जाते. फोन ठेवू नका."

पूल ओलांडून ती नव्या इमारतीच्या उपाहारगृहात गेली. आचाऱ्यांना बाजूला करून शीतखोलीत शिरली आणि तिथली कांडी मुठीत धरली.

"आता बघा. औषध भांडाराचंच पान ठेवा."

"चार पॉइंट सहा," इंजिनिअर म्हणाला. "सहा. नऊ."  मग अगदी हळू आवाजात, "चौदा."

ती परतली तेव्हा इंजिनिअर उभा होता. चष्मा हातात, चेहरा उतरलेला. मावशीने रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. त्याने पान वाचलं, मागचं वाचलं, त्याच्या मागचं वाचलं.

"ही यादी होती तुमच्याकडे?"

"नऊ वर्षं."

"मी दोन महिन्यांपूर्वी पत्र लिहून मागितली होती. नवी यादी असल्यास द्यावी म्हणून. उत्तर आलं नाही, म्हणून मी नकाशावर गेलो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. रजिस्टर होतं त्या कपाटापासून पत्र होतं ते टेबल दहा पावलांवर. पण तेव्हा ते दोघांनाही माहीत नव्हतं आणि शोधायला वेळही नव्हता.

"मी दोनशे सातचा नंबर बदलतो लगेच," इंजिनिअर म्हणाला.

"आणि बाकीचे सात? थिएटर आहे त्यात. रक्तपेढी आहे. नंबर बदलायचा तर पेटी बंद करून चालू करावी लागते ना? थिएटरमध्ये आत्ता ऑपरेशन चाललंय. तुमच्या बाजूच्या आठ बदलायच्या म्हटल्या तरी एकेकीपाशी शिडी न्यायची, आणि तोवर आमच्या खोल्या कुणाला दिसणार नाहीत."

"मग?"

"पुलावरची केबल काढायची. जुना कॉम्प्युटर चालू करायचा. आमच्या आम्ही, तुमच्या तुम्ही."

"मॅडम, उद्या उद्घाटन आहे. तो पडदा..."

"माहीत आहे."

तिने बॉयलरना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. ते संचालकांबरोबर प्रवेशद्वारात फुलांच्या कुंड्या कुठे ठेवायच्या ते ठरवत होते आणि फोन टेबलावर होता. तिने निरोप ठेवला. पंधरा मिनिटं वाट बघितली. या पंधरा मिनिटांत तिने जुना कॉम्प्युटर पुसून, तारा लावून तयार ठेवला. इंजिनिअर केबलच्या खोक्यापाशी उभा होता, पण त्याचा हात होत नव्हता.

"तुम्ही सरका," मावशी म्हणाली. "तुमच्या नावावर नको. मी काढते."

एक छोटासा खटका दाबून केबल ओढायची, एवढंच काम. तिने ओढली. समोरच्या पडद्यावर जुनी इमारत आधी करडी झाली, मग तिच्या खोल्यांवर एकेक लाल फुली आली. जुना कॉम्प्युटर घरघरत उठला, त्याने आपल्या लोकांना हाक मारली, दोनशे बारा जणांनी ओ दिली आणि पाठोपाठ धोक्याची घंटी सुरू झाली. औषध भांडार, शीतखोली, नऊ पॉइंट चार.

बॉयलर आले ते धावतच. खाली पडदा अर्धा लाल झालेला संचालकांनी आधी बघितला होता. बॉयलरनी सगळ्यांदेखत मावशीला विचारलं, "कुणाला विचारून काढली?"

"तुम्हाला दोनदा फोन केला."

"मी हो म्हटलं होतं?"

"नाही."

"मग लाव परत." त्यांनी आजवर तिला 'अगं-तुगं' कधी केलं नव्हतं.

"नाही लावणार, साहेब. तुम्ही लावा. पण आधी खाली भांडारात जाऊन थर्मामीटर बघून या."

बॉयलर खाली गेले. वीस मिनिटांनी परत आले. त्यांनी केबल लावली नाही.

उद्घाटन ठरल्या वेळी झालं. पाहुण्यांनी फीत कापली, पडद्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि पडद्यावर एक इमारत आहे की दोन, हे न विचारता चहाकडे वळले. पण संचालकांना ते लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशीच्या हातात मेमो पडला. परवानगीशिवाय यंत्रणा खंडित केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा द्यावा.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. एकोणीस आणि नऊ, अठ्ठावीस वर्षांत तिला पहिला मेमो मिळाला होता. तो तिने टेबलावर ठेवला. सासूबाईंनी चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचला.

"यात थर्मामीटरबद्दल काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग तू लिही की."

"नोकरी गेली तर?"

काका ताट घासत होते. ते न वळता म्हणाले, "गेली तर पहाटे डबा करायला तू ऊठ. मी झोपतो जरा."

तिने खुलासा लिहिला. चार वाक्यं. दोन पेट्यांना एक नंबर होता. त्यामुळे औषधांच्या खोलीचं खरं तापमान कुणाला दिसत नव्हतं. सगळ्यांत कमी वेळात ते दिसावं म्हणून मी केबल काढली. परवानगी मागितली होती, मिळायला वेळ नव्हता. खाली सही. नकाशा, कपाट, किल्ली, पडद्याकडे बघून दिलेलं उत्तर, यातलं काही तिने लिहिलं नाही. मी विचारलं, का नाही लिहिलंस? तर म्हणाली, "मला विचारलं होतं केबल का काढली. तेवढंच सांगितलं."

संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. इंजिनिअरने आपल्या पत्राची प्रत आणली होती. तिच्यावर देखभाल विभागाचा शिक्का होता. संचालकांनी ती वाचली आणि विचारलं, हे पत्र कुठे गेलं?  मावशी जमिनीकडे बघत होती. मग बॉयलर उभे राहिले.

"पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे," ते म्हणाले. "यादी बाईंकडे होती. मी त्यांना विचारलं नाही. भांडाराचा फोनही मीच घेतला होता."

त्यांना एवढं सलग बोलताना मावशीने पहिल्यांदाच ऐकलं.

बॉयलरना समज देण्यात आली. मावशीचा मेमो रद्द झाला नाही, पुढेही गेला नाही. तो तिच्या फाइलमध्ये तसाच राहिला. भांडारप्रमुखांनी सगळी औषधं तपासून घेतली. बरीचशी वाचली, तीन ट्रे टाकून द्यावे लागले. त्या दोन दिवसांत वॉर्डात गेलेलं एकेक खोकं त्यांनी परत मागवलं. त्यांनी मावशीला आपल्या खोलीत बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, "मी त्या दिवशी पडद्यावर विश्वास ठेवला आणि माझ्या डोळ्यांवर नाही. याचा मला जास्त राग येतोय." तिथून दोघींची मैत्री झाली, ती अजून आहे. वर्षातून एकदा दोघी कुठेतरी चार दिवस फिरून येतात आणि परत आल्यावर आठवडाभर एकमेकींची तक्रार करतात.

नंबर बदलायचं काम उरलंच होतं. इंजिनिअर म्हणाला, आठ पेट्या बदलल्या की भागेल. मावशी म्हणाली, नाही, नव्या इमारतीच्या सगळ्या बदलायच्या, एक हजार एकपासून पुढे. म्हणजे नंबर ऐकल्याबरोबर कळेल कुठली इमारत. इंजिनिअरने कपाळाला हात लावला, पण लगेच होही म्हणाला. रोज वीसेक पेट्या, असे नऊ दिवस दोघे फिरले. एक शिडीवर, एक लॅपटॉपवर. तिसऱ्या दिवशी तो तिला 'मॅडम'ऐवजी 'ताई' म्हणायला लागला. पाचव्या दिवशी त्याने तिला लॅपटॉप दिला आणि आपण शिडीवर चढला. त्याला उंचीची भीती वाटते हे तेव्हा कळलं. तो वरून एका हाताने छताची पट्टी धरून बोलत होता. "ताई, बोलत राहा माझ्याशी." मग मावशी त्याला खालून सासूबाईंच्या पत्त्यांच्या गोष्टी सांगत राहिली.

दहाव्या दिवशी केबल पुन्हा जोडली. या वेळी बटण दाबण्याआधी बॉयलरनी हात वर केला. "किती यायला पाहिजेत, बाई?"

"तीनशे अठ्ठ्याण्णव."

तीनशे सत्त्याण्णव आल्या. खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशीने यादीवरून बोट फिरवलं, रजिस्टर बघितलं आणि म्हणाली, "एक हजार एकशे तीन. तिसरा मजला, लिफ्टशेजारी." बॉयलरनी शिडी उचलली आणि स्वतः गेले. तार सैल होती. त्यांनी ती आवळली आणि खाली फोन केला, "आली का?"

आली.

बॉयलर तीन वर्षांनी निवृत्त झाले. जाताना त्यांच्या जागी कोण, असं विचारल्यावर त्यांनी एकच नाव दिलं. मावशी सहा वर्षं फोरमन होती. लोक तिला समोर फोरमनबाई म्हणत; मागे काय म्हणत ते तिने कधी शोधलं नाही. सासूबाई गेल्या ते त्याच काळात, पंच्याऐंशीव्या वर्षी, दुपारी पत्ते पिसता पिसता. मावशीने चार दिवस रजा घेतली आणि पाचव्या दिवशी कामावर गेली, कारण घरी टेबलाशी बसवत नव्हतं, असं ती म्हणाली.

आता तिला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात. मागल्या वर्षी मी तिला हॉस्पिटलात तपासणीला घेऊन गेले होते. काम झाल्यावर म्हणाली, जरा वर जाऊन येऊ. देखभाल विभागात आता एक तरुण बाई फोरमन आहे. तिने मावशीला ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर खुर्ची दिली आणि नव्या पेट्या दाखवल्या. बिनतारी, तळहाताएवढ्या, पांढऱ्या.

"यांना नंबर कोण देतं?" मावशीने विचारलं.

"आपोआप मिळतो. भिंतीवर लावली की तिची तीच बघते कुठला मोकळा आहे."

मावशीने पेटी उलटीसुलटी करून बघितली. मागे खटके नव्हते, गुळगुळीत होतं.

"आणि ती कुठल्या खोलीत आहे, हे?"

"ते मात्र आम्हालाच भरावं लागतं," फोरमन म्हणाली. "आणि तिथेच चुका होतात."

मग त्या दोघी तासभर बोलत बसल्या. मी खाली जाऊन औषधं घेऊन आले तरी बोलणं चालूच होतं. परतीच्या बसमध्ये मावशीला झोप लागली. आमचा थांबा आला तेव्हा मी तिला हलवून उठवलं. ती म्हणाली, "बुधवारी पुन्हा जायचंय मला तिथे. तिने बोलावलंय. तुला वेळ नसला तर मी एकटी जाईन."